डॉक्टर पोरीला विचारत होते

जनीला लांबून बघाल तर तुम्हाला तिची कीव येईल. येऊ देऊ नका. माझी मोठी जाऊ आहे ती. एका चुलीवर आमची वीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी मी तिच्याशी अबोला धरून काढलीत. धरमतरच्या खाडीकाठी आमचं घर. मी अनिता, धाकट्याची बायको. पेणला बारावीपर्यंत शिकले म्हणून जनी मला मास्तरीण म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही.

जनी आगरात काम करते, मिठागरात. मिठाच्या कोंड्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, पाणी आटलं की मीठ ओढायचं, टोपल्या भरून डोक्यावरून ढिगाकडे न्यायच्या. दिवाळीनंतर एकदा त्या खाऱ्या पाण्यात पाय घातले की पावसापर्यंत सुटका नाही. आधी तळवे सोलतात, मग राठ होतात, आणि शिमगा येईपर्यंत त्यांना काही कळेनासंच होतं. एकदा तर बाईच्या टाचेत काच रुतली होती आणि तिला पत्ता नाही, संध्याकाळी मोरीत पाय धुताना दिसली. हा किस्सा ती दर हळदीत सांगते आणि स्वतःच मोठ्यानं हसते. पाऊस लागला, आगर बुडालं, ती घरी बसली, की महिन्याभरात तळव्यांना पुन्हा सगळं कळायला लागतं. दर वर्षाचं आहे हे. त्यासाठी कोणी डॉक्टरकडे जातं हे तिनं कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

मनस्वी तिची एकुलती एक. आमच्याकडे कबड्डी काय नवी नाही, पण पोरीची चढाई बघायला बाजूच्या गावची माणसं यायची. ते सगळं जनीनं केलं, खरं बोलायला मला लाज नाही. बाप म्हणजे आमचे कान्हूभावजी, धक्क्यावर बार्जचा माल उतरवतात, देवमाणूस, पण घरात त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पोरीला पहाटे उठवून खाडीच्या चिखलात पळवायची ती जनी. गुडघा फुटला तर वर दोन धपाटे घालून म्हणायची, "रडतंस काय मेले? खेळायला गेली व्हतीस का लग्नाला?" पोरगी रडायची बंद झाली. पुढे पुढे तर दुखलं तरी सांगायची बंद झाली. जनीला त्याचा कोण अभिमान! "माझी पोर बघ, तोंडातनं चकार शब्द नाय."

अठराव्या वर्षी मनस्वीची डावी जांघ धरायला लागली. खाली बसली की उठताना ओठ चावायची. एका चढाईत ती मध्यरेषेवर आडवी पडली आणि उठलीच नाही, तेव्हा कुठे तिला पेणला नेलं. तिथे एका खाजगी हॉस्पिटलात नवी मुंबईहून आठवड्यातनं एकदा सुजय डॉक्टर येतात, सांध्यांचे. त्यांनी सांगितलं, दोन्ही खुब्यांत हाड थोडं जास्त वाढलंय, वाटीच्या कडेची मऊ गादी त्यात घासून फाटलीय. दुर्बिणीतून ऑपरेशन करून शिवता येईल. आधी डावा, मग उजवा. पुन्हा खेळेल का, एवढंच जनीनं विचारलं. खेळेल म्हणाले.

डाव्या खुब्याचं ऑपरेशन शिमग्याच्या आधी झालं आणि नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी मनस्वी बाथरूममधून आली ती पांढरीफटक. आईला हळूच म्हणाली, "आये, खाली मना काय कलतच नाय. मांझा आंगच नसल्यावानी हाय."

आमच्या घरात त्या जागेला नाव नाही. 'खाली' म्हणायचं, आणि तेही बायकांत, मान वळवून. जनीनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मंग मांझं पाय काय मांझं हायेत? आता शिमगा आला. पाऊस लागला का येतंय परत. आन ह्ये बापासमोर बोललीस ना, तर जीभ हासडीन."

हे सगळं मला मनस्वीनं नंतर सांगितलं, फार नंतर. तेव्हा माझ्या कानावर यातलं काही आलं नव्हतं. टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठे बधिरपणा, मुंग्या? पोरीनं तोंड उघडायच्या आत जनी म्हणाली, नाय, काय नाय. आणि बाईचं नशीब बघा कसं वैरी! जून लागला, आगरात पाणी भरलं, आणि मनस्वीचा तो बधिरपणा खरोखरच गेला. जनीनं भाकरी थापता थापता पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ, काय बोललू व्हती?" त्या दिवसापासून जनी डॉक्टरांपेक्षा मोठी डॉक्टर झाली.

आषाढात उजव्या खुब्यासाठी गेलो. ह्या वेळी मी होते बरोबर, कान्हूभावजी होते. कुमारी गटातलं मनस्वीचं ते शेवटचं वर्ष. थंडीत रोह्याला जिल्ह्याची निवड चाचणी होती. त्यात निवड झाली तर राज्य स्पर्धा, आणि तिथे चमकली की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात. नाही झाली तर वय गेलं, खेळ संपला, आईच्या मागून आगरात. पोरीनं तेवढ्यासाठी पहिलं ऑपरेशन दात आवळून काढलं होतं. दुसरं महिन्याच्या आत झालं तरच ती चाचणीपर्यंत उभी राहणार होती.

सुजय डॉक्टर घाईचा माणूस नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मनस्वीला समजावून सांगायला लागले. खुब्यात दुर्बीण घालायची तर सांधा थोडा उघडावा लागतो, म्हणून पाय टेबलाला बांधून खेचतात. अंग पायाबरोबर खाली सरकू नये म्हणून दोन मांड्यांच्या मधे गादी गुंडाळलेला जाड खांब असतो. खेचलं की अंग त्या खांबावर दाबलं जातं, आणि तिथूनच एक नस जाते. "ती दबली तर मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो, लघवीवर ताबा राहत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं. क्वचित एखाद्याचं होत नाही. म्हणून खांब जाड घेतो, मऊ घेतो, ओढ दोन तासांच्या आत सोडतो. पण मला एक गोष्ट नीट कळायला हवी. मागच्या वेळी ऑपरेशननंतर तुला तिथे काही झालं होतं का?"

मनस्वीनं बापाकडे बघितलं. भावजी जमिनीकडे बघत होते, कान लाल.

"झालं असेल तर मी इथे करणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मुंबईत खांब न लावता करायचं टेबल आहे. डोक्याकडची बाजू उतरती ठेवतात आणि पाठीखाली न घसरणारी गादी घालतात. तिथे तुझा नंबर लावतो. दोन-अडीच महिने थांबावं लागेल."

दोन-अडीच महिने. म्हणजे रोहा गेलं. मनस्वीला कळलं, जनीलाही कळलं. जनीचा हात पोरीच्या मांडीवर होता. तो मी घट्ट होताना बघितला आणि मला वाटलं, बाई घाबरलीय.

"नाय," जनी म्हणाली. "काय नाय झाला व्हता."

"मी तिला विचारतोय," डॉक्टर म्हणाले. "मनस्वी, सिस्टरशी एकटीनं बोलायचंय का? आम्ही सगळे बाहेर जातो."

"एकटीनं कशाला? आमचा काय चोरून नाय," जनी फणकारली. "पोर खडखडीत व्हती. सांग गो."

आणि पोरगी म्हणाली, "नाय. काय नाय झालं."

तिलाही रोहा पाहिजे होतं, हे मला मान्य आहे. लोक म्हणतात, पोरगी एकोणीस वर्षांची घोडी, तिनं का नाही सांगितलं? अरे, ज्या पोरीला दुखलं म्हणताच धपाटा मिळाला, बधिर म्हणताच जीभ हासडायची धमकी मिळाली, आणि वर आईचं म्हणणं एकदा खरं ठरलेलं, ती बापासमोर कुठल्या तोंडानं सांगणार? मला आजही त्या खोलीची आठवण आली की जनीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटतात.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले ते घामाघूम. म्हणाले, फाटलेलं फोटोत दिसलं त्यापेक्षा जास्त निघालं, मधे एकदा ओढ सैल करून नसेला उसंत दिली, मग पुन्हा खेचलं, पण वेळेच्या आत केलं. शिवण चांगली बसलीय. जनीनं हॉस्पिटलच्या पायरीवर बसून पेढे वाटले.

आणि मनस्वी पुन्हा बधिर झाली. ह्या वेळी आईनं काही विचारलं नाही आणि पोरीनं काही सांगितलं नाही. दोघींना ठाऊक होतं. तपासणीला गेल्या की नेहमीचंच, नाय, काय नाय. पाऊस लागलेलाच होता, तोही सरला. गणपती झाले. पोरगी खोकली की कपडे ओले व्हायला लागले, हसली की ओले. तिनं हसायचं सोडलं. गुपचूप पॅड लावायची, पाणी कमी प्यायची, सराव एकटीच करायची. मी एकदा म्हटलं, "काय गो, अशी तोंड पाडून का फिरतेस?" तर म्हणाली, "काय नाय काकी." दिवाळी उलटली, जनी आगरात गेली, तिचे पाय पुन्हा राठ झाले. पोरीचं काही परत आलं नाही. तेव्हा तरी नेलं का डॉक्टरकडे? नाही. "रोह्याचा व्हवंदे," म्हणाली. "मंग बघू."

रोह्याला आम्ही सगळे गेलो, भावकीतली दहा-बारा माणसं, पेणहून सकाळच्या गाडीनं. हॉलमध्ये मॅट अंथरलेली. आणि काय खेळली पोरगी! खुबा असा वळत होता की बघत राहावं. पहिल्या चढाईत बोनस, दुसरीत कोपऱ्यातली पोरगी टिपून आली. जनी उभी राहून ओरडत होती, "माझी मनी! माझी मनी!" निवड समितीचा एक माणूस दुसऱ्याच्या कानात काही बोलला, मी स्वतः बघितलं. पाचव्या की सहाव्या चढाईत तिघींनी तिला धरलं. ती त्यांना ओढत मध्यरेषेकडे निघाली, दम कोंडून, सगळं अंग ताणून. हात रेषेला लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग पंचांनी शिट्टी वाजवली. मॅट ओली दिसत होती. घाम सांडला की पुसून घेतात, नाहीतर पोरी घसरतात, म्हणून त्यांनी फडकं मागवलं. फडकं घेऊन आलेला माणूस खाली वाकला आणि त्यानं नाक मुरडलं. मनस्वी तिथेच उभी होती. तिला अजून कळलेलंच नव्हतं, हे मी विसरू शकत नाही. सगळ्या हॉलला कळलं, पकड करणाऱ्या पोरींना कळलं, एक जण हात झटकत मागे सरली, आणि जिचं अंग तिलाच पत्ता नव्हता. समोरच्या संघातली एक म्हणाली, "शी! मुतली गो ही!" तेव्हा तिनं खाली बघितलं.

हसले लोक. का नाही हसणार? आपणही हसलो असतो. मागच्या बाकावरच्या पोरांनी मोबाईल वर केले. पंच बिचारे म्हणाले, बेटा, कपडे बदलून ये, थांबतो आम्ही. ती गेली ती आलीच नाही. मी बाथरूमच्या दारावर थापा मारत होते. जनी जागची हलली नाही. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "पाणी जास्ती प्याली सकाली. पाणीच जास्ती प्याली."

त्याच आठवड्यात मी मनस्वीला पेणला नेलं, आणि ह्या वेळी जनी आणि भावजी दोघांना मुद्दाम बरोबर घेतलं. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी पोरीनंच सांगितलं, पहिल्यापासून सगळं. 'खाली' वगैरे नाही, त्या त्या जागेला जे नाव आहे ते घेऊन, मुतायचं कळत नाही, हगायचं कळत नाही, बापासमोर, मोठ्यानं. जनी म्हणाली, "अगो गप!" पोरगी थांबली नाही. भावजी उठून बाहेर गेले.

डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळी झालेलं मला माहीत असतं तर मी तुला त्या टेबलावर घेतलंच नसतं. ती नस एकदा दबून कशीबशी उठली होती."

"पण परत आलीवती ना!" जनी एकदम बोलली. "पयल्या वक्ताला आपली आपण आलीवती. पावसात आली. मना ठावं हाय, मांझ्या पायांचा दर साली..." तिनं खरंच चप्पल काढून टेबलाखाली तळवा दाखवला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मनस्वी हसली. भर दवाखान्यात, खदाखदा हसली. मला तिच्याजवळ बसायची भीती वाटली.

मुंबईला तपासण्या झाल्या. थोडं सुधारेल कदाचित, पूर्ण नाही, असं तिथले म्हणाले. व्यायाम दिले, औषधं दिली. राज्य स्पर्धेला दुसरी पोर गेली. गावात पोरांनी मनस्वीचं नाव टाकी ठेवलं, आणि ते ठेवणारा माझाच भाचा साईराज. मी त्याच्या थोबाडीत दिली, तरी नाव काही पुसलं गेलं नाही.

मग एक दिवस मनस्वी पिशवी भरून निघून गेली. रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली, शिफ्टमध्ये उभं राहायचं काम, आणि भाड्यानं खोली घेतली. ज्या गावात तिचं हसं झालं तिथेच का गेली, मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तिथं सगळ्यांना ठाऊक हाय, काकी. लपवायचा काय उरला नाय."

जनीनं आधी गमजा केल्या. जाऊ दे, भूक लागली की येईल. पोरगी आली नाही. फोन उचलेना. शेवटी परवाच्या रविवारी जनी सुके बोंबील, कोलीम, तांदळाचं पीठ अशी मोठी पिशवी बांधून माझ्या दारात आली. वीस वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाली, "अनिता, चल गो मांझ्यासंगती." मास्तरीण नाही, अनिता. मी गेले.

खोली वरच्या मजल्यावर. मनस्वीनं दार उघडलं. बारीक झालीय, पण तोंडावर तेज आहे. मला म्हणाली, "काकी, ये." जनी पुढे झाली तर हात आडवा केला.

"आये, एक बोल आनि आत ये."

"काय बोलू?"

"बोल, मांझ्या पोरीला मूत धरता येत नाय, आन त्ये मांझ्यामुलं. येवढाच बोल. मी काय भांडायची नाय, रडायची नाय. बोल आनि ये, जेवू आपून."

जिन्यावर शेजारची एक बाई कपडे घेऊन वर येत होती. जनीनं तिच्याकडे बघितलं. मी जनीच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, बोल ना बाय, काय जातं? तिनं तोंड उघडलं. जिभेवर आलंही असेल. "तुझा... तुझ्या तब्येतीचा जरा..." एवढंच आलं. पुन्हा प्रयत्न केला. "तुला जो तरास..." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मी ते कधी बघितलं नव्हतं, पण तो शब्द काही आला नाही. शेजारची बाई थांबून बघायला लागली तशी जनीनं पटकन पदरानं तोंड पुसलं आणि तिला म्हणाली, "काय नाय. ऊन लागला."

मनस्वीनं आईच्या हातातली पिशवी घेतली, मला आत घेतलं, आणि दार लावलं.